तुळई मत्तीची, चौकट सागाची

गेल्या उन्हाळ्यात धारवाडच्या मंगळवार पेठेतलं आमचं आजोळचं घर उतरवलं. माळवदाचं घर 'पाडलं' असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही, 'उतरवलं' म्हणतात. माती मातीत जाते, पण लाकूड एकेक करून खाली घ्यायचं असतं, कारण ते पुन्हा कुणाच्या तरी घराला लागणार असतं. मामाने आधी जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने दोन मिनिटं वर बघितलं आणि म्हणाला, "साग कुठं आहे? सगळं जंगली आहे. सरसकट घेतो." भाव जळणापेक्षा थोडा वरचा.

मामा तयारही झाला होता. आई म्हणाली, एकदा बडिग्यार अज्जांना दाखवून घे. अज्जा आले, चष्मा पुसला, खिशातून खडू काढला आणि हातोडीच्या दांड्याने एकेक लाकूड ठोकत घरभर फिरले. ठोकायचं, कान द्यायचा, नखाने खरवडायचं, वास घ्यायचा, आणि खडूने कन्नडमध्ये नाव लिहायचं. एका फळीचा तर छिलका चावून बघितला आणि थुंकले. "कडू आहे. बेवु." म्हणजे कडुलिंब. दुपारपर्यंत घरात सात जातींची नावं लिहून झाली होती. मी विचारलं, "अज्जा, सगळं सागाचंच का नाही केलं? तेव्हा तर साग स्वस्त असेल." ते म्हणाले, "तम्मा, तुळईला साग कशाला? मत्ती असताना?"

हा लेख त्या उत्तराबद्दल आहे.

आपल्याला सवय अशी झालीय की लाकडात एक चांगलं आणि बाकी हलकं. साग म्हणजे उत्तम, शिसव म्हणजे श्रीमंती, उरलेलं सगळं 'जंगली'. जुन्या लोकांचा प्रश्न वेगळा होता: हे लाकूड कशाला चांगलं? ओझं पेलायला, पाण्यात राहायला, हातात धरायला, की वाजायला? एकाच लाकडाला हे सगळं जमत नाही.

त्यातून धारवाड-हुबळी अशा जागी वसलंय की इथं दोन्ही तऱ्हेचं लाकूड पोचायचं. पश्चिमेला कलघटगी, हळियाळ, दांडेली, म्हणजे मलनाडचं रान: साग, ऐन, शिसव, बिबला, धावडा. पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरीकडं निघालात की काळी जमीन, आणि झाड म्हणून बांधावरची बाभूळ नाहीतर कडुलिंब. रानातलं लाकूड पैसे टाकून गाडीने आणायचं, बांधावरचं घरचंच. आजोळच्या घरात दोन्ही होती, आणि कुठं काय लावलंय ते बघितलं की आजोबांच्या आजोबांनी पैसा कुठं खर्च केला नि कुठं वाचवला ते कळत होतं.

आधी तुळई घेऊ. माळवदाच्या घरात भिंत ही नुसती आडोसा. ओझं सगळं खांबांवर. खांब दगडी तळखड्यावर उभा, म्हणजे ओल आणि वाळवी सरळ वर चढत नाही. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर फळ्या, आणि त्यावर वीतभरापेक्षा जाड माती. पावसाळ्यात ती माती पाणी पिऊन आणखी जड होते. हे ओझं शंभर वर्षं पेलायचं तर लागतो ऐन, म्हणजे कन्नडमधली मत्ती. साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली, रानात लांबूनही ओळखता येते. वाळलेला साग घनफुटाला १८-१९ किलो भरतो, तर ऐन २४-२५. ताकद दांडगी. पण खोड अशी की वाळताना तडकतो, आणि रंधा मारताना सुताराचा घाम काढतो. त्याचं दार केलंत तर चार पावसाळ्यांत वाकडं होईल. तुळईला मात्र चीर गेली तरी कोण बघतंय? वर काळोखच असतो. व्यापाऱ्याने ज्याला 'जंगली' म्हटलं ते हेच.

दार-चौकटीचं गणित उलटं. तिथं ओझं नाही, पण पावसाळ्यात फुगायला नको आणि उन्हाळ्यात आकसायला नको. सागाचा मोठेपणा इथं आहे. हवा बदलली तरी तो फारसा हलत नाही, आणि त्याच्यात असं तेल असतं की वाळवी सहसा तोंड लावत नाही. तेही गाभ्यातल्या लाकडाचं खरं. बाहेरचा पांढरा भाग वाळवी आनंदाने खाते. आजोळच्या सगळ्या चौकटी सागाच्या निघाल्या. धुराने इतक्या काळ्या झाल्या होत्या की व्यापाऱ्याला दिसल्या नाहीत. (किंवा दिसल्या. अज्जांचं मत दुसरं होतं.)

बिबला, कन्नडमध्ये होन्ने, हाही घराला उत्तम, टणक आणि टिकाऊ. पण ओल लागली की त्यातून पिवळा रंग सुटतो आणि चुन्याच्या भिंतीवर डाग उमटतात. म्हणून आमच्याकडं त्याच्या कड्या मधल्या सोप्यात, भिंतीपासून सुटं अंतर ठेवून. कडुलिंबाच्या फळ्या माळ्यावर, जिथं धान्य आणि कपड्यांच्या पेट्या. कडू लाकडाला किडा लागत नाही. आंबा फक्त एका फडताळाला. स्वस्त, पण ओल आणि भुंगा दोन्ही त्याला भोवतात.

घर किती मोठं हे सांगतानाही लाकूडच बोलायचं. मराठीत 'तीन खणांचं घर' म्हणतात, कन्नडमध्ये 'मूरु अंकणद मने'. खण काय किंवा अंकण काय, दोन खांबांमधलं, दोन तुळयांमधलं अंतर. म्हणजे रानातून जेवढ्या लांबीचं लाकूड मिळेल आणि पेलेल, तेवढा घराचा एक घास.

शब्दांत लाकूड कसं अडकून राहतं याचं याहून मोठं उदाहरण पायाखाली आहे. उंबरा किंवा उंबरठा. संस्कृतात 'उदुंबर' म्हणजे उंबराचं झाडही आणि दाराचा उंबराही. आज उंबऱ्याला उंबराचं लाकूड कुणी लावत नाही (आमचा बाभळीचा निघाला), पण झाडाचं नाव मात्र आपण रोज ओलांडतो. तसंच जांभळाचं. विहीर बांधताना तळाशी लाकडाचं गोल कडं बसवून त्यावर दगडी बांधकाम चढवत. त्या कड्याला हिंदीत 'जमवट' म्हणतात, कारण ते जामुनचं, जांभळाचं. जांभूळ आणि उंबर, दोन्ही पाण्याखाली टिकणारी लाकडं. उंबर उघड्यावर ठेवला तर थोड्याच वर्षांत कुजतो, पाण्यात मात्र टिकून राहतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते; कायम बुडालेल्या लाकडात तिला ती मिळत नाही. हे विज्ञान विहिरी बांधणाऱ्याला माहीत नव्हतं, पण कुठलं लाकूड कुठं घालायचं ते माहीत होतं.

आता शेताकडं. इथं राणी बाभूळ, कन्नडमधली जाली. नांगर, कुळव, गाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे, तेलाचा घाणा, कुऱ्हाडीचा दांडा, सगळीकडं ती. जड, चिवट, धक्का सोसणारी, आणि मुख्य म्हणजे बांधावरची, फुकट. एकच अट, तोडल्यावर लगेच वापरायची नाही. ओंडके तळ्यात किंवा ओढ्याच्या डबक्यात काही महिने बुडवून ठेवायचे, मग सावलीत वाळवायचे. पाण्यात लाकडातला किडीला आवडणारा गोड अंश निघून जातो. धावड्याची कीर्ती गाडीच्या कण्यासाठी. इंग्रजीत त्याचं नावच 'ॲक्सलवुड'. तिवसही चाकांना चाले. मुसळाला खैर: घनफुटाला २८ किलोच्या आसपास, म्हणजे मुसळ स्वतःच्या वजनाने कांडतं, हाताला फक्त उचलायचं काम. बैलाच्या मानेवरचं जू मात्र हलकं हवं, आणि त्याची कुसळं निघता कामा नयेत. गाडी एकच, पण तुंबा आणि जू यांचं लाकूड कधी एक नसायचं.

तोडायची वेळ हाही मोठा विषय. पावसाळा संपल्यावर, थंडीत, आणि तेही अमावस्येकडच्या पंधरवड्यात तोडावं असं सांगत. बांबूच्या बाबतीत तर हटकून. चंद्राचा भाग बाजूला ठेवू. ऋतूचं मात्र खरं आहे. पावसाळ्यानंतर बांबूत पिष्ट कमी उरतं, आणि भुंगा पिष्टासाठीच येतो. उन्हाळ्यात तोडलेल्या बांबूचं पीठ खाली सांडलेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल.

काय तोडायचं याइतकंच काय तोडायचं नाही हेही ठरलेलं. वड, पिंपळ, उंबर यांना कुऱ्हाड लावत नसत. श्रद्धा तर खरीच, पण पिंपळाचं लाकूड तसंही मऊ, लवकर कुजणारं. तोडून मिळणार काय? उभा राहिला तर सावली आणि पाखरांना फळं. मराठीच्या विद्यार्थ्यांना इथं रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आठवेल. साधारण १७१५च्या सुमाराचा हा राजनीतीचा ग्रंथ, आणि त्यात आरमाराच्या प्रकरणात चक्क लाकडाचा विचार आहे. जहाजांना साग वगैरे लागेल तो हुकूम घेऊन रानातून तोडावा, पण आंबा-फणस कामाचे असले तरी त्यांना हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांगत जपलेली असतात. एखादं अगदी जुनं होऊन कामातून गेलं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं, जबरदस्ती नको. मला यातलं दुःखाचं कारण महत्त्वाचं वाटतं. लाकडाची किंमत घनफुटात नाही, वाढवायला लागलेल्या वर्षांत मोजलीय.

सगळंच जड लाकडाचं कौतुक नको. सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा लागतो, घनफुटाला जेमतेम ८-९ किलो. घराला कुचकामी, पण कोरायला लोण्यासारखा, आणि पोराच्या डोक्यावर पडला तरी टेंगूळ येत नाही. चन्नपट्टणची बाहुली 'आले मर', म्हणजे काळ्या कुड्याची: पांढरं, बारीक पोताचं, चरकावर लाख चढवली की चकाकणारं. आपल्या शेजारच्या कलघटगीचा पाळणा मात्र सागाचा, वर लाखेच्या रंगात कृष्णलीला आणि रामायण. खेळणं दोन वर्षांचं असतं, पाळणा चार पिढ्यांचा.

आणि आपल्या भागात राहून तानपुऱ्याला विसरून कसं चालेल? कुंदगोळच्या सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले, आणि इथल्या कितीतरी गवयांचे तानपुरे त्याच गावचे. त्यांचा भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, पण दांडी आणि तबली तुनाची. तून हलका, लालसर, वाळल्यावर न वाकणारा. तिथं ऐन लावला तर तारांचा ताण सहज पेलेल, पण वाजणार नाही. जडपणा नाद गिळतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मग हे बदललं कधी? एक वळण आपल्या ओळखीचं आहे. बासेल मिशनचे लोक १८३७ मध्ये धारवाडला आले. त्याच मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. मंगळुरी कौल मातीच्या थरापेक्षा कितीतरी हलकं. त्याला अजस्र तुळई लागत नाही. लागतात सरळ, एका मापाच्या, करवतीने कापलेल्या रिपा. एक कौल जरी नीट बसलं नाही तर गळतं, म्हणून न वाकणारा साग छतातही गेला. पुढं लोखंडी गर्डर आले, सिमेंट आलं, आणि तुळई हा प्रकारच संपला. आज अड्ड्यावर जाऊन 'मत्ती' मागा, बिलावर 'जंगलवुड' लिहून येईल. साग मागाल तर आफ्रिकेतला की लागवडीतला असं विचारतील. लागवडीतला वीस-पंचवीस वर्षांत कापतात, त्यात पांढरा भाग जास्त, मग वाळवी लागली की लोक सागालाच नावं ठेवतात.

आमच्या घराचं शेवटी असं झालं. चौकटी आणि दारं मामाने नव्या घराला ठेवून घेतली. तुळया हळियाळकडच्या एका शेतकऱ्याने गोठ्यासाठी नेल्या. तो स्वतः सुताराला घेऊन आला होता आणि त्यानेही आधी ठोकूनच बघितलं. उरलेलं त्याच व्यापाऱ्याने नेलं, आता जातवार भावाने. अज्जांनी मजुरी घेतली नाही. झोपाळ्याच्या दांडीचा शिसवी तुकडा तेवढा मागितला. रंध्याला ठोकळा करायचा म्हणाले, जुना झिजलाय.