पोटातले पाय गेले, पाठीवरचं घर उरलं

गोगलगाय आणि पोटात पाय! ही म्हण ज्याने कुणी पाडली त्याला ग्रीक येत नसणार, पण प्राणिशास्त्रातलं ‘गॅस्ट्रोपॉड’ हे नावही शब्दशः तेच सांगतं: पोट आणि पाय. बागेतली गोगलगाय, देवघरातला शंख, सारीपाटावरची कवडी, सगळी एकाच गोतातली मंडळी. पंचाईत होते ती समुद्री शंखांच्या जीवाश्मांत, आणि आजचा विषय तोच. पोट कुजलं, पाय कुजले, उरलं फक्त घर. आणि दारावर पाटी नाही. मग मालक कोण हे जिना, भिंती आणि उंबरठा बघून ठरवायचं. त्यात म्हणीचा दुसरा अर्थही खरा ठरतो: वरून साधी, आतून बेरकी!

आटे कुठल्या बाजूचे?

शंख हातात घ्या. कळस वर, तोंड तुमच्याकडे. तोंड उजवीकडे उघडत असेल तर शंख उजवा, डावीकडे तर डावा. नव्वद टक्क्यांहून जास्त जाती उजव्या असतात. आता गंमत बघा. पूजेतला दुर्मीळ, भाव खाणारा दक्षिणावर्ती शंख शास्त्रज्ञांच्या वहीत ‘डावा’ म्हणून लिहिलेला असतो. चूक कुणाचीच नाही. आपल्याकडे निमुळती नळी वर आणि कळस खाली धरायची रीत आहे, शास्त्रज्ञांची नेमकी उलटी. शंख फिरवला की डाव्याचं उजवं होतं. दुर्मीळ कोण, याबद्दल मात्र पुजारी आणि प्राध्यापक यांचं एकमत आहे.

इंग्लंडमध्ये एसेक्सच्या किनाऱ्यावर वॉल्टन-ऑन-द-नेझ इथे तांबड्या वाळूचा, सुमारे 25 ते 30 लाख वर्षं जुना थर आहे. तिथे नेपच्युनिया नावाचे शंख सापडतात, तेही बहुतांश उलट्या आट्याचे. एखाददुसरा नव्हे, अख्खं गावच डावखुरं! आणि राहवत नाही म्हणून सांगतो: विदर्भात लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळात ‘फायसा’ सापडते, तीही डावी. ती गोड्या पाण्यातली, म्हणजे खरं तर आजच्या विषयाबाहेरची. पण नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1860 मध्ये या भागातल्या शंखांवर लिहिलं, आणि या फायसाच्या एका जातीच्या नावात ब्राह्मी लिपी उलगडणारे जेम्स प्रिन्सेप बसले आहेत. एवढी माणसं एका शंखाभोवती जमली असताना तिला वगळणं जिवावर येतं.

कळसात जन्मदाखला

शंख टोकापासून तोंडाकडे वाढतो, म्हणून कळसाचं अगदी वरचं टोक म्हणजे बाळपणीचं घर. ते मोठं, गुबगुबीत आणि एक-दोन वेढ्यांचंच असेल तर पिल्लू अंड्यातल्या शिदोरीवर वाढून थेट समुद्रतळावर उतरलं. बारीक आणि बऱ्याच वेढ्यांचं असेल तर ते आठवडेच्या आठवडे लाटांवर भटकत, मिळेल ते खात मोठं झालं. मिलिमीटरभर टोकावरून कोट्यवधी वर्षांपूर्वीचं बालपण कळतं! अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यालगतच्या जीवाश्मांत असंही दिसलं की भटक्या पिल्लांच्या जाती पसरल्या दूरवर आणि टिकल्याही जास्त काळ. दुर्दैव एवढंच, की सगळ्यात आधी झिजतं आणि तुटतं तेही हेच टोक.

सुरी आणा

ज्युरासिक आणि क्रिटेशस काळात उथळ, उबदार समुद्रांत नेरिनिया आणि तिची भावंडं भरपूर होती. बाहेरून सगळ्या लांबट, मुळ्यासारख्या, एकीवरून दुसरी ओळखू येईना. उभी चिरली की मात्र आत घड्याच घड्या, एखाद्या किल्लीच्या दात्यांसारख्या, प्रत्येक प्रकाराच्या वेगळ्या. जात ओळखायची तर शंख कापावाच लागतो. कधी कधी शंखही उरत नाही. तो विरघळतो आणि आत भरलेल्या चिखलाचा दगड तेवढा राहतो. इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या खाणकामगारांनी अशा एका दगडी पेचाला ‘पोर्टलंडचा स्क्रू’ असं सरळ नाव दिलं. लॅटिन नावापेक्षा मला ते जास्त पटतं.

रंग गेला कुठे?

शंकूच्या आकाराचे कोन-शंख आज आठशेहून जास्त जातींचे आहेत, आणि त्यांना ओळखायचं ते प्रामुख्याने नक्षीवरून. जीवाश्मांत तीच पुसलेली, सगळे पांढरेफटक. जोनाथन हेंड्रिक्स यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातले सुमारे 48 ते 66 लाख वर्षं जुने शंख ब्लीचमध्ये भिजवले आणि अतिनील प्रकाशाखाली धरले. नक्षी लखलखली! फोटोच्या निगेटिव्हसारखं प्रकरण: जिथे कधीकाळी रंग होता तिथे उजेड, जिथे पांढरं होतं तिथे अंधार. 2015 मध्ये त्यांनी अशा 28 जाती मांडल्या, त्यांतल्या 13 नव्याकोऱ्या. एका जातीवर तर टपोरे ठिपके निघाले, कापडाच्या दुकानात शोभावेत असे.

फसवाफसवी

कवडीचं पिल्लू कवडीसारखं दिसतच नाही. पातळ कवच, छोटा कळस, सताड उघडं तोंड, चारचौघा शंखांसारखं. वयात आलं की ओठ आत वळतात, दात येतात आणि कळस बुजून जातो. भवानीच्या माळेतल्या कवडीच्या पोटात तो जिना अजूनही आहे, दिसत नाही इतकंच. जीवाश्मात पिल्लू आणि आई वेगवेगळी सापडली, तर त्यांना दोन कुळांत टाकण्याची चूक सहज होते.

प्लॅटिसेरास त्याहून बेरकी. हा प्राचीन शंख समुद्रकमळाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या, नेमका गुदद्वारावर ठाण मांडून बसायचा आणि तिथून बाहेर पडेल ते खायचा. एकदा बसला की बसला. त्यामुळे त्याच्या शंखाची कड यजमानाच्या अंगाच्या खाचाखोचांप्रमाणे वळायची. यजमान वेगळा की आकार वेगळा! नुसत्या आकारावरून जाती पाडणाऱ्यांना या गड्याने चांगलंच दमवलं.

आणि बाजारात मिळणारा ‘टरिटेला अकीक’? टरिटेला हा समुद्रातला, उंच मनोऱ्यासारखा शंख. कच्छच्या खडकांत तो खराच सापडतो. पण अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या सुंदर दगडातला शंख एलिमिया नावाचा, गोड्या पाण्यातला. चूक केव्हाच कळली. लेबल तेच आहे.

बोटांनी वाचणारा

शंख ओळखायला डोळे लागतात असं वाटत असेल, तर खेरात फर्माय यांचं काय? नेदरलँड्समध्ये जन्मलेले, लहानपणीच अंध झालेले हे गृहस्थ कॅलिफोर्नियातले जीवाश्मशास्त्रज्ञ. शंखाचे ओठ, काटे, कंगोरे ते बोटांनी चाचपतात. खेकड्याने तोंडाशी फोडलेला आणि शंखाने पुन्हा सांधलेला व्रण त्यांच्या बोटाला लागतो. अशा व्रणांवरूनच त्यांनी शिकारी आणि शंख यांच्यातली कोट्यवधी वर्षांची चढाओढ मांडली.

ज्युलिया गार्डनर या अमेरिकी बाईंची कामगिरी तर हेरकथेत शोभावी. दुसऱ्या महायुद्धात जपानने पॅसिफिकपार बॉम्ब लावलेले फुगे सोडले. फुगे कुठून सुटतात ते कळेना. त्यांना भार म्हणून वाळूच्या पिशव्या बांधलेल्या असत. ती वाळू जपानच्या कुठल्या किनाऱ्यावरची, हे शोधणाऱ्या भूशास्त्रज्ञांत गार्डनर होत्या, आणि त्यांचा भाग होता वाळूतल्या शिंपल्या-शंखांचे तुकडे.

त्यांच्या नावाचा एक शंखही आहे, एक्फोरा गार्डनरी: तांबूस-तपकिरी, अंगावर चार ठसठशीत उभार पट्टे. मेरीलँड राज्याने 1984 मध्ये एक्फोराला आपलं राज्य-जीवाश्म केलं, पण कायद्यात नाव लिहिलं भलत्याच बहिणीचं, ‘क्वाड्रिकोस्टाटा’, म्हणजे चार बरगड्यांची. पुढे अभ्यासकांनी मेरीलँडची जात वेगळी काढली. मग 1994 मध्ये विधिमंडळाने कायद्यातलं शंखाचं नाव रीतसर दुरुस्त केलं.