टपरीवरील वडा आणि त्याजवरील आरोप

प्रवासाहून परतलेल्या माणसाचे पोट बिघडले, की 'वाटेत कुठे अरबटचरबट खाल्लेस?' या प्रश्नाने घरातील वडीलधाऱ्यांचा तपास सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. शेवटचा पदार्थ तोच गुन्हेगार, असा हा सरसकट निवाडा असतो. वस्तुस्थिती अशी की, काही जीवाणूंचे अन्नात साठलेले विष अर्ध्या-एक तासातही उलटी घडवून आणीत असले, तरी साल्मोनेलाची बाधा प्रकट व्हावयास सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत अवधी लागतो, विषमज्वराला साधारणतः एक ते तीन आठवडे लागतात, आणि 'हिपॅटायटिस ए' ही कावीळ तर सरासरी २८ दिवसांनी डोके वर काढते. तेव्हा आज तापाने अंथरूण धरलेल्या इसमाने काल कर्जतच्या फलाटावर खाल्लेला वडा निर्दोष असून, खरा अपराध कुठल्याशा लग्नाच्या पंगतीतील पाण्याकडे जाण्याचा संभव पुष्कळच असतो.

दुसरा समज रस्ता आणि हॉटेल यांच्या प्रतिष्ठेविषयीचा. कढईतील उकळत्या तेलातून झाऱ्याने निथळून काढलेला आणि जीभ भाजेल असा हातात पडलेला वडा हा, जंतूंच्या दृष्टीने पाहता, बंद दाराआडच्या मुदपाकखान्यात सकाळी शिजून दुपारपर्यंत कोमट राहिलेल्या भातापेक्षा अधिक सुरक्षित असतो. कारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतूंची वाढ होते, आणि भातातील बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवण्यालाही दाद देत नाहीत. त्यांनी एकदा विष निर्माण केले, की भात पुन्हा वाफाळता केल्याने ते नाहीसे होईलच असे नाही. वड्याची बाजू येथवर भक्कम आहे. त्याच्या शेजारी उघड्या पातेल्यात सकाळपासून असलेल्या हिरव्या चटणीची मात्र मी वकिली करणार नाही. तीच गोष्ट पाणीपुरीची : पुरी तळलेली, रगडा गरम, परंतु ज्या पाण्यात विक्रेत्याचा हात मनगटापर्यंत बुडतो, ते अग्नीच्या वाऱ्यालाही उभे राहिलेले नसते. तिखटाने जंतू मरतात हा समज येथे कामाचा नाही. आणि लिंबाचे आम्ल पटकीच्या जंतूला मानवत नसले, तरी पिळलेल्या चार थेंबांनी हंडाभर पाणी शुद्ध होत नाही.

जेथे गर्दी तेथे खावे, हा सल्ला अर्धाच खरा आहे. गर्दीमुळे माल शिळा होण्यास उसंत मिळत नाही हे मान्य. परंतु त्याच गर्दीच्या बशा एकाच बादलीत विसळल्या जातात.

परवान्याविषयीही असाच संभ्रम आढळतो. हातगाडीवाल्याला कायदा लागूच नाही असे अनेकांना वाटते. वास्तविक २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कक्षेत फेरीवालाही येतो. अर्थात त्या कायद्याखाली मिळणारा दाखला म्हणजे आजच्या पिंपातील पाण्याची हमी नव्हे. वर्तमानपत्रात भजी बांधून देण्यास तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची स्पष्ट मनाई आहे, कारण तेलाबरोबर छपाईची शाई पदार्थात उतरते. तरीही अग्रलेखाची उलटी अक्षरे भज्यावर वाचण्याचा योग अजून सर्रास येतो.

राहता राहिला बर्फ. गोठवल्याने पाणी निर्जंतुक होते हा समज सर्वांत चिवट, आणि माझ्या मते सर्वांत घातक. थंडीने पुष्कळसे जंतू मरत नाहीत, ते नुसते थबकतात. रसवंतीगृहात घुंगरांच्या नादात, आल्यालिंबासह चरकातून दुमडून काढलेल्या उसाकडे आपण कौतुकाने पाहत असतो, आणि पायाशी गोणपाटात गुंडाळलेली लादी कोणत्या पाण्याची, हे विचारीत नाही. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळसर रंगवण्याचा हुकूम महाराष्ट्रात २०१८ साली निघाला. म्हणून निळी झाक दिसल्यास पेला परत करावा, परंतु पांढरेपणालाही शुद्धतेचा पुरावा मानू नये. बिनबर्फाच्या रसाला बहुधा चार पैसे अधिक पडतात. ते खुशाल द्यावेत, कारण तेवढ्या पेल्यात रसही अधिक येतो.