थिनरचा बोळा जरा थांबवा

जुन्या गाडीच्या दाराच्या आतल्या पॅनेलवरचा रंग पोपडे धरू लागला की पहिला हात जातो तो थिनरच्या डब्याकडे. पत्र्यावर ते खपून जातं, व्हिनाइलवर नाही.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, नळाच्या पाइपाचंच प्लॅस्टिक. मुळात कडक. त्यात प्लॅस्टिसायझर हे तेलकट द्रव्य मुरवलं की लांबलचक रेणूंना एकमेकांवरून सरकायला जागा मिळते आणि पाइपाचं रेक्झिन होतं. थिनरमधली टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारखी द्रावकं रंग सोडवतात खरी, पण त्याच दमात पीव्हीसी फुगवतात आणि प्लॅस्टिसायझर ओढून काढतात. पृष्ठभाग चिकट होतो, चामड्यासारखी उठवलेली नक्षी पुसट होते. द्रावक उडून गेलं की उरतं ते ताठ, तडकू पाहणारं कातडं. हीट गन तर नकोच. पीव्हीसी ऐंशीएक अंशांना मऊ पडतं, आणि फार तापलं तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सोडतं.

त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. दारं उघडी ठेवून, आगीपासून लांब, भिजवलेलं फडकं थोडा वेळ रंगावर ठेवायचं आणि नक्षीच्या खाचांतून नायलॉनचा ब्रश हलक्या हाताने फिरवायचा. आधी अर्थातच एखाद्या झाकल्या कोपऱ्यात करून बघायचं. काही रंग त्यालाही दाद देत नाहीत. घट्ट बसलेला रंग मग खुशाल राहू द्यावा, असं माझं मत. सुटे पोपडे काढून कडा बारीक पॉलिश पेपरने घासल्या की पुरे.

नवा रंग देण्याआधी डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन मात्र निपटून काढा. त्याचा अंश राहिला तरी नवा ओला रंग तिथून मागे सरतो आणि गोल खळगे पडतात.