गोळी बसली म्हणजे जमली असं नाही!

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात टी-१ ऊर्फ अवनी वाघीण गोळी लागून मेली. १३ जणांच्या मृत्यूला तीच जबाबदार मानली जात होती. मग टपरीटपरीवर एकच प्रश्न, "बेशुद्धच काहून नाही केली?" तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे, त्यात आपण पडायचं नाही. पण त्या गप्पांत गोळी, डार्ट, छर्रा, काडतूस सगळं एकच समजलं जात होतं. एनसीसीत रायफल धरणाऱ्या आपल्या दोस्तांचंही फार वेगळं नाही, म्हणून हा लेख.

डार्ट म्हणजे उडती सिरिंज. ती थोड्याच अंतरावरून, कमी वेगाने सोडतात. मांसल भागात लागली तर औषध आत जातं आणि असर व्हायला काही मिनिटं लागतात. रायफलच्या गोळीचं काम वेगावर चालतं. एसएलआरची गोळी साधारण ९.५ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८४० मीटर. अर्धा एम व्ही स्क्वेअर करून बघा, सुमारे ३,३०० ज्यूल! एनसीसीच्या पॉइंट टू टूचे जेमतेम १४० येतात.

आता आपण ज्याला "गोळी" म्हणतो ते खरं म्हणजे अख्खं काडतूस. त्यात पितळी केस, बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बुलेट. पॉइंट टू टूमध्ये वेगळा प्रायमर नसतो, ते मिश्रण केसच्या कडेतच भरलेलं असतं. केस पितळेचीच का, हा प्रश्न व्हायवात विचारण्यासारखा आहे. दारू पेटली की मोठ्या रायफलमध्ये आतलं प्रेशर वातावरणाच्या साडेतीन हजार पटींच्याही वर जातं. त्या क्षणी पितळ फुगून चेंबरला घट्ट चिकटतं, गॅस मागे येऊ देत नाही आणि प्रेशर उतरताच थोडं आकसतं, म्हणून केस सहज बाहेर निघते. सील आणि डबा दोन्ही एकातच. मला तर हे डिझाइन जाम आवडतं.

पण हे सगळं चालतं ते केस आणि चेंबरचं माप जुळलं तरच. एसएलआर ७.६२, एके-४७ पण ७.६२, मग गोळ्या एकच? अजिबात नाही. एकीची केस ५१ मिलिमीटर लांब, दुसरीची ३९. इशापूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात २ए१ नावाची रायफल बनली. दिसायला थेट जुनी थ्री नॉट थ्री, पण खाते ७.६२ × ५१. म्हणून रायफलचा चेहरा बघून काडतूस निवडायचं नाही, बॅरलवर काय कोरलंय ते वाचायचं. काडतुसाच्या बुडावरही लिहिलेलं असतं. 'केएफ' दिसलं तर ते पुण्याजवळच्या खडकीचं, किरकी फॅक्टरीचं.

सगळ्यात डेंजर जोडी मात्र रायफलची नाही, छऱ्याच्या बंदुकीची आहे. रानडुक्कर आणि रोह्यांच्या त्रासामुळे आपल्या भागात हे माहीत असायलाच हवं. १२ बोअर २० पेक्षा मोठा (वायर गेजसारखंच, आकडा उलटा चालतो). २० चं काडतूस चुकून १२ च्या बंदुकीत टाकलं तर ते खाली पडत नाही. पुढे सरकून नळीत अडकतं. नळी रिकामी समजून माणूस मागून १२ चं भरतो, घोडा दाबतो आणि नळी त्याच्या डाव्या हातापाशी फाटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळी करायचा प्रघात आहे. दोन्ही एकाच खिशात कधीही ठेवू नयेत.

फायरिंग रेंजवर जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. घोडा दाबला आणि काहीच झालं नाही, तर रायफल वळवून बघायची नाही. नळी टार्गेटकडेच ठेवा, हात वर करा, किमान ३० सेकंद थांबा, उस्तादांना येऊ द्या. आणि "धाड" ऐवजी नुसतं "फुस्स" झालं, तर पुढची गोळी भरायची नाही. आधीची बुलेट नळीतच अडकलेली असू शकते. नळी तपासल्याशिवाय दुसरी मारली, तर तिला बाहेर जायला वाटच नाही. पॉइंट टू टूला खेळणं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, टार्गेट २५ मीटरवर असलं तरी ती गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. रेंजच्या मागे मातीचा उंच बांध त्यासाठीच असतो.