आचऱ्याच्या संगणकावरचा ऱ्य

प्रोग्राम लिहून झाला म्हणजे काम निम्मं झालं, हे माझं जुनं आणि ठाम मत आहे. उरलेलं निम्मं म्हणजे तो दुसऱ्याच्या संगणकावर चालणं. तो दुसरा संगणक मालवण तालुक्यातल्या एखाद्या गावच्या वाचनालयात असेल, तर हे निम्मं पहिल्यापेक्षा मोठं निघतं.

दाखल नोंदवही, सभासदांची वर्गणी आणि पुस्तकांची देवघेव सांभाळणारा एक छोटा प्रोग्राम मी पायथॉनमध्ये लिहिला. ओळखीच्या ग्रंथपालांना तो मी पेनड्राइव्हवरून देत असतो. इंटरनेटवर चालणारं काही का करत नाहीस, असं पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा इथल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसतो. वाचनालयाचं दप्तर वाचनालयातच असावं, यावर मी अडून आहे.

पार्श्वभूमी भराभर सांगतो. कुठलाही प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याला डीएलएल नावाच्या मदतनीस फायली लागतात. त्या समोरच्या संगणकावर नसतील किंवा वेगळ्या आवृत्तीच्या असतील, तर गाडी अडते. म्हणून सगळं सामान एकत्र बांधून द्यायचं. विंडोजवर इनो सेटअपसारखी मोफत साधनं १९९७पासून हे करतात, लिनक्सवर ॲपइमेज आणि फ्लॅटपॅक आहेत. पायथॉनसाठी पायइन्स्टॉलर आहे. तो भाषेच्या दुभाष्यासकट सगळं बिऱ्हाड उचलून देतो. एवढं पुरे.

मला ओढ आहे ती अक्षरांची. इंग्रजी प्रोग्राम दुसरीकडे नेणाऱ्याला ए-बी-सी तिथे असतील का, ही काळजी कधी करावी लागली नाही. मराठीचं तसं नव्हतं. विंडोज एक्सपीवर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागायचा, आणि ती घातली तरच जोडाक्षरं जुळायची. गावात ती सीडी कुणाकडे असणार? त्या काळात एका ग्रंथपालांचा फोन आला होता: "भाऊ, तुमच्याकडे दिसता, मगे हयसर कित्याक दिसना नाय? नुसते चौकोन." चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. अक्षरं आहेत पण पाय मोडून सुटी उभी आहेत, म्हणजे फॉन्ट आहे, जुळणी करणारं यंत्र नाही. फोनवर एवढं कळलं तरी निदान निम्मं होतं.

जुळणीचं हे यंत्र विंडोजमध्ये यूएसपी१०.डीएलएल या फाइलमध्ये होतं. प्रोग्राम आपल्या मदतनीस फायली आधी स्वतःच्याच फोल्डरमध्ये शोधतो, म्हणून काही जण नवी यूएसपी१० शेजारी ठेवून द्यायचे. आज प्रोग्रामच्या खिडक्या रचायला क्यूटी ही लायब्ररी वापरली की हार्फबझ हे मुक्त जुळणीयंत्र तिच्या पोटातच येतं, आणि समोरच्या विंडोजच्या वयाशी आपला संबंध राहत नाही. फॉन्टही सोबतच द्यायचा. विंडोजमधला 'मंगल' र. कृ. जोशींसारख्या थोर अक्षरकाराने घडवला, पण तो असा बांधून वाटण्याची मुभा नाही. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' मात्र खुल्या परवान्याचा आहे. प्रोग्रामबरोबर खुशाल द्यावा. मुंबईच्या या मंडळींचे माझ्यासारख्यावर फार उपकार आहेत.

बांधलेला प्रोग्राम उघडला की मी पहिल्यांदा गावांची यादी बघतो. 'आचऱ्याला', 'मसुऱ्याला' यांतला ऱ्य नीट उमटला पाहिजे. तिथे रफार दिसला की बांधणी परत. मग 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टकडून त्याची अपेक्षाच धरता येत नाही.

हे दुखणं दिवाळी अंकवाल्यांना नवं वाटणार नाही. युनिकोड रुळण्याआधी मजकूर जुळवणाऱ्याने फ्लॉपी छापखान्यात पाठवायची आणि तिथे तोच फॉन्ट नसला, की सगळ्या लेखाची रोमन अक्षरांची खिचडी व्हायची. फॉन्ट पोटात घेऊन जाणारी पीडीएफ हाती आली, तेव्हा कुठे कोकणातला मजकूर कोल्हापुरात जसाच्या तसा उमटू लागला. प्रोग्रामनेही तेच करावं, एवढंच माझं म्हणणं आहे: समोरच्याकडे काही असेल असं धरूनच चालू नये.

फोल्डरच्या नावातही मराठी अडकते. कुणी हौसेने विंडोजवर खातं 'ग्रंथालय' या नावाने उघडतं. त्याच नावाचं फोल्डर तयार होतं. युनिकोडपूर्व पद्धतीने लिहिलेली एखादी लायब्ररी तो पत्ता वाचायला जाते. विंडोजने ग्रीक, रशियन, थाई यांना जुनी संकेतपाने (कोड पेज) दिली होती, देवनागरीला दिलीच नाहीत. मग प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि प्रश्नचिन्ह तर विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही. प्रोग्राम मुकाट्याने बंद पडतो. मराठी माणसाने आपल्या संगणकाला मराठी नाव दिलं म्हणून त्याचं काम अडावं, याचा मला आजही मनापासून राग येतो. त्यासाठी मी खात्याचं नाव मुद्दाम मराठी ठेवलेला एक आभासी संगणक बाळगतो आणि प्रत्येक बांधणी आधी तिथे चालवतो.

विंडोज ७ अजून बऱ्याच ठिकाणी आहे. पायथॉनची ३.८ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि क्यूटी ६ला विंडोज १० लागतं. म्हणून क्यूटी ५ आणि ३.८ अशी जोडी धरून एक वेगळी ३२-बिट बांधणी करतो. एकाच फाइलची बांधणी मी देत नाही. ती दर वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये सुटते आणि बंद करताना ते फोल्डर पुसलं जातं. कुणी नोंदवही तिथेच ठेवली तर संध्याकाळी सगळ्या नोंदी गेल्या. नोंदवही नेहमी प्रोग्रामबाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये.

राहिली ती प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना येणारी निळी खिडकी. अनोळखी प्रोग्राम म्हणून विंडोज तो अडवतं. सहीचं प्रमाणपत्र विकत घेतलं तर ओळख पटायला मदत होते, पण २०२३पासून त्याची किल्ली यूएसबी टोकनसारख्या वेगळ्या उपकरणात ठेवावी लागते आणि दरवर्षीचा खर्च फुकट वाटणाऱ्याला झेपत नाही. तोवर पेनड्राइव्हबरोबर एक छापील कागद देतो: 'अधिक माहिती'वर टिचकी मारा, मग 'तरीही चालवा'.