नावाआडची माणसे

नाव हे माणसाच्या ओळखीचे पहिले साधन होय. शाळेचा हजेरीपट, टपालाचा पत्ता, न्यायालयाचे दप्तर, कोठेही नावावाचून चालत नाही. असे असता काही माणसे आपले खरे नाव झाकून दुसरे नाव का बरे धारण करतात?

साहित्यिकांत ही प्रथा जुनी आहे. विष्णु वामन शिरवाडकर यांनी 'कुसुमाग्रज' या टोपणनावाने कविता लिहिल्या. कुसुम ही त्यांची धाकटी बहीण. तिचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ, तो कुसुमाग्रज. हे नाव मायेपोटी जन्मले. इंग्लंडात शार्लट ब्राँटे हिने १८४७ साली 'जेन एअर' ही कादंबरी 'करर बेल' या नावाने प्रसिद्ध केली, त्याचे कारण निराळे होते. स्त्रियांच्या लेखनाकडे त्या काळी निर्मळ दृष्टीने पाहिले जात नसे.

कधी कधी नाव बदलणे हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. जानेवारी १९४१ मध्ये सुभाषचंद्र बोस कलकत्त्यास आपल्या घरी नजरकैदेत होते. पहारा चुकवून एका रात्री ते बाहेर पडले, ते 'महंमद झियाउद्दीन' होऊन. पुढे काबूलहून युरोपात जाताना त्यांच्या पारपत्रावर 'ऑर्लँडो मॅझोटा' हे इटालियन नाव होते. वेष आणि नाव बदलले; ध्येय मात्र तेच राहिले.

चोर आणि ठकही हीच युक्ती योजतात. एका गावी लोकांना फसवावे आणि दुसऱ्या गावी नवे नाव सांगून सभ्यपणे मिरवावे, हा त्यांचा क्रम. म्हणूनच पोलिसांच्या दप्तरात एकाच माणसाच्या नावापुढे कित्येक 'ऊर्फ' लागलेले असतात. पूर्वी पकडलेल्या गुन्हेगाराने खोटे नाव सांगितले, की त्याचे मागील अपराध शोधणे फार कठीण जाई. यावर बोटांच्या ठशांचा उपाय सापडला. दोन माणसांचे ठसे सारखे आढळत नाहीत आणि बोटांवरील रेषांची ठेवण जन्मभर टिकते. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. असंख्य ठशांतून हवा तो चटकन सापडावा, अशी वर्गवारी सिद्ध करण्यात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

सारांश, घेतलेल्या नावाची पारख हेतूवरून करावी. लेखक टोपणनावाखालीही आपल्या शब्दांची जबाबदारी वाहतो. अपराधी ती जबाबदारी टाळण्यासाठीच नाव टाकून देतो. पण नाव टाकता आले, तरी केलेले कर्म टाकता येत नाही.