'जर'चे शास्त्र आणि गंगाधरपंतांचे पानिपत

विज्ञानकथा ही शिकल्यासवरलेल्यांची करमणूक. बाजार समितीत पोती वाहणाऱ्याला तिचे काय, असे आम्हांस वाशीममध्ये पुष्कळदा विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही देण्याजोगे आहे.

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. वस्तुतः ते होते खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी फिरविली, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहवून घेतली. नाव झाका, काम पाहा. हा न्याय कामगाराला तरी समजावून सांगावा लागू नये. पुढे 1979 साली 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह निघाला. त्यापूर्वीही मराठीत विज्ञानकथा होती. परंतु सामान्य वाचकाच्या घरात ती पोचली ती मुख्यतः नारळीकरांमुळे.

त्यांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचा येथे विचार करू. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासरावांस गोळी लागली आणि लढाईचा रंग पालटला. कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा एका जगात जातात, की जेथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली आहे. मराठे जिंकले आहेत, आणि मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून चालू आहे!

यातले शास्त्र काय? बाजारात पोत्यांची थप्पी लावताना एकावर एक पोते चढते, थप्पी स्थिर असते; मग एक पोते जास्त होते आणि सारी थप्पी एकदम कोसळते. लहानशा कारणाने मोठा व आकस्मिक पालट कसा होतो, याचा विचार गणिताच्या एका शाखेत केला जातो. तिची जोड कथेत पुंज सिद्धांताला दिली आहे. इलेक्ट्रॉन नेमका कोठे जाईल हे सांगता येत नाही, केवळ शक्यता सांगता येतात. मग प्रत्येक शक्यतेचे एकेक जग असेल तर? एका जगात गोळी लागली, दुसऱ्यात चुकली.

ही कथा इंग्रजीत 'द अॅडव्हेंचर' झाली, आणि एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात तिचे रूपांतरित स्वरूप आले. देशभरच्या मुलांना ती मिळाली, हा लाभ थोडा नव्हे. परंतु रूपांतरात काही सांडतेच. मराठीत 'पानिपत होणे' म्हणजे पुरता धुव्वा उडणे. इंग्रजी मथळ्यात हा डंख उतरत नाही. आणि गंमत अशी, की त्या दुसऱ्या जगात हा वाक्प्रचार जन्मलाच नसता! शिवाय तेथे आझाद मैदानावर अध्यक्षाविना व्याख्यान चाललेले पाहून गंगाधरपंत मोकळ्या खुर्चीत जाऊन बसतात, भाषण करू लागतात, आणि श्रोते त्यांच्यावर टोमॅटो व अंडी फेकतात. अध्यक्षीय समारोप व आभारप्रदर्शन सोसलेल्या आपल्या वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना ही थट्टा जितकी कळेल, तितकी दुसऱ्या कोणास कळणार?

आता मूळ प्रश्नाकडे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपाविषयी कामगार आजही म्हणतात, 'जर तेव्हा असे केले असते तर...' हा 'जर' दोन प्रकारचा असतो. एक हळहळीचा, तो माणसाला मागे बसवून ठेवतो. दुसरा विचाराचा. आज आहे ते अटळ नव्हते, कोठे तरी वळण होते, म्हणून पुढेही वळण येईल, हे तो शिकवतो. मजुरीचा दर, कामाचे तास, हे ब्रह्मलिखित नाही, हे ज्याला पटले तोच संघटनेत येतो.

म्हणून आमची विनंती एवढीच, की अकरावीतल्या मुलाने परीक्षेपुरता तो इंग्रजी धडा वाचला असेल, तर त्याला ग्रंथालयातून मूळ मराठी कथा आणून द्यावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्या मुलाने ती वाचून दाखवावी.